मोठ्याबाई, तुमच्या झोपेबद्दल

मोठ्याबाई, तुम्ही झोपेत गेलात. दुपारी जेवलात, मला पान लावून दिलंत, खिडकीजवळच्या बाजेवर आडव्या झालात आणि चहाला मी हाक मारली तेव्हा उठला नाहीत. तेव्हापासून घरात माणसांची रीघ आहे आणि येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो, "झोपेत गेल्या, काही भोगणं नाही, मोठ्या पुण्यवान." मी मान डोलावते आणि पाण्याचा तांब्या पुढे करते. झोप ही तुमची कोण होती, हे त्यांना ठाऊक नाही. ज्या झोपेला तुम्ही इतकी वर्षं उंबऱ्यातल्या सापासारखं टाळत आलात, तिनेच तुम्हाला इतक्या हलक्या हाताने नेलं. खरं सांगते, मला आधी नवल वाटलं. रडू नंतर आलं.

परवा तुमचं तेरावं. बायका जमतील आणि म्हणतील, मोठ्याबाईंच्या हाताला चव होती, आणि मोठ्याबाई कधी कुणाला दुखावून बोलल्या नाहीत. पहिलं खरं आहे. दुसरं साफ खोटं, आणि ते मला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? एका स्वयंपाकघरात आपण दोघी जावा इतकी वर्षं वावरलो. माझे भासरे, म्हणजे तुमचे यजमान, वनखात्यात होते तोवर तुम्ही बदलीच्या गावी असायचात आणि सणावाराला बालाघाटला यायचात. ते गेले, तुमची वंदना लग्न होऊन नागपूरला गेली, आणि तुम्ही एक ट्रंक आणि एक पाटा-वरवंटा घेऊन कायमच्या घरी आलात. माझं माहेर कटंगीचं. पहिल्याच दिवशी माझ्या स्वयंपाकाकडे बघून तुम्ही म्हणालात, "कटंगीच्या पोरीईले भात येते. बाकी शिकवा लागन." मी ते अजून विसरले नाही. पण शिकवलंत मात्र सगळं.

भातावरूनच आपलं पहिलं बिनसलं. लालबर्र्याजवळच्या आपल्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, धान तिथल्याच गिरणीतून भरडून यायचा. चव अशी की नुसत्या मिठाशी खावा, पण त्यात खडे, धानाचे दाणे आणि कण्या भरपूर. निवडायचं काम माझं होतं. तुम्ही आलात आणि थोड्याच महिन्यांत असं व्हायला लागलं, की सकाळी मी तांदळाचा डबा उघडावा तर त्या दिवसापुरते तांदूळ वर निवडून ठेवलेले. मला वाटलं, माझ्या पाठीमागे संध्याकाळी बसून निवडता आणि मला काही न बोलता दाखवून देता. एकदा न राहवून मी विचारलं, "माह्या निवडण्यात खडा राहाते का?" तुम्ही फोडणीत मोहरी टाकत होतात. मागे न बघता म्हणालात, "हौ. राहाते."

मी आठ दिवस तुमच्याशी कामापुरतं बोलले. मग राग गेला, कारण राग टिकवायला वेळ लागतो आणि घरात दोन लहान मुलं होती. काम हातावेगळं झालं, बरंच झालं, असं म्हणून मी ते सोडून दिलं. हे जेवताना पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या घरी दात सलामत आहेत ते वहिनीमुळे." तुम्ही पदराने तोंड पुसायचात आणि विषय बदलायचात. ती तुमची मिजास आहे असं मी समजत होते.

तुम्ही दुपारी कधी आडव्या व्हायच्या नाहीत. मी जेवून जरा पडले की म्हणायचात, "दुपारी झोपते ते घर झोपते." रात्रीही सगळे निजल्यावर तुमचं काहीतरी चालूच असायचं, वाती वळणं, भांडी पुसणं, पुसलेली भांडी परत पुसणं. आम्ही म्हणायचो, मोठ्याबाईंना आराम माहीतच नाही. शेजारच्या बायका त्यांच्या सुनांना तुमचं उदाहरण द्यायच्या. एखादं माणूस झोपेला भीत असेल, ही गोष्ट कुणाच्या डोक्यात तरी कशी यावी?

ते मला कळलं कटंगीच्या बसमध्ये, भर दुपारी. माझ्या भाच्याचं लग्न लावून आपण परत येत होतो. पंगतीत जेवण भरपूर झालेलं, ऊन मी म्हणत होतं, खिडकीतून येणारा वाराही गरम. तुम्ही नेहमीप्रमाणे सुपारी चघळत डोळे ताणून बसला होतात. पण रात्रभर लग्नघरात जागरण झालेलं. वारासिवनी यायच्या आधी तुमचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मला इतकं बरं वाटलं. एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्या अंगावर भार टाकल्याची ती पहिलीच वेळ होती, म्हणून मी खांदासुद्धा हलवला नाही.

आणि मग तुम्ही एकदम ताठ झालात. कुणी हाक मारली नव्हती, बसने गचका खाल्ला नव्हता. डोळे सताड उघडे, उजवा तळवा टाळूवर गच्च दाबलेला, आणि चेहऱ्यावर असं काही, की मी कंडक्टरला हाक मारायला तोंड उघडलं. तुम्ही माझं मनगट धरलंत.

"गप. बस थांबवू नोको. होते आपोआप कमी."

"काय होऊन राह्यलं तुमाले?"

"डोस्कं. झोप लागली ना, म्हणून."

तुम्ही उठलात, वरचा दांडा धरलात आणि चालत्या बसमध्ये उभ्या राहिलात. लोक म्हणाले, बसा माताजी, जगह है. तुम्ही बसला नाहीत. बसून जास्त दुखतं, पडून त्याहून जास्त, उभं राहून हाताला काही काम असलं की सोसवतं, हे तुम्ही मला दांड्याला लोंबकळत, ड्रायव्हरच्या हॉर्नमधून सांगितलंत. मी विचारलं, कधीपासून? तुम्ही आठवून म्हणालात, "तुह्या धाकट्याच्या बारशापासून असन." माझा धाकटा तेव्हा सहावीत होता.

"रोज?"

"रोज नाई. एखाद-दोन दिवस सोडते. पन आलं का त्याच टायमाले. भरवेलीच्या खाणवाल्याईची रातपाळी आठवड्यानं बदलते, माह्यी बदलतच नाई."

"आनि मंग रातभर करता काय?"

तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत. धानाच्या कोरड्या बांध्या मागे पळत होत्या. "तांदूळ निवडते," म्हणालात.

मी म्हटलं, दिवा तर कधी दिसला नाही. तुम्ही म्हणालात, "दिवा लावला तं तुमी सारे उठसान."

"मंग आंधारात?"

"हाताले दिसते."

मोठ्याबाई, त्या बसमध्ये माझ्या अंगावर काटा आला तो अजून आठवला की येतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही देवळात गेलात तेव्हा मी तुमच्या जुन्या लुगड्याची, तुम्हीच सांगितलेली ती घडी काढली, जिच्यावर तांदूळ पसरले की आवाज होत नाही. वर मूठभर तांदूळ टाकले, डोळे मिटले आणि बोटं फिरवली. मला काही कळेना. कणी कुठली, खडा कुठला, सगळं सारखंच. डोळे उघडून बघते तर मी दोन चांगले दाणे बाजूला काढले होते आणि खडा तिथेच. माझं डोकं दुखत नव्हतं, झोप झालेली होती, बाहेर लख्ख ऊन होतं. आणि तुम्ही टाळूवर घाव बसत असताना, काळोखात, श्वासाचाही आवाज न करता आमच्या सगळ्यांच्या ताटातला खडा न खडा वेचत होतात. मी त्या घडीला हात जोडले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही हसला असतात.

गुपित एकदा फुटल्यावर मात्र मी तुम्हाला सोडलं नाही. डोळ्यांचा नंबर बदलून आणला. बीपी बघितलं, ते माझ्यापेक्षा बरं निघालं. कुणी सायनस म्हणालं, तुम्ही आठवडाभर वाफ घेतलीत. कुणी पित्त म्हणालं, तुमचा रात्रीचा वरणभातच बंद केला. सुंठेचा लेप झाला, बाम झाला, समोरच्या काकूंनी मीठ-मोहरी ओवाळून दृष्टही काढली. डोकेदुखीच्या गोळ्या तुम्ही तशाही परस्पर खात होतातच. नागपूरला मेंदूच्या डॉक्टरला दाखवू म्हटलं की मात्र तुम्ही भिंतीसारख्या व्हायच्या. "दाखवलं का नाव पडते," म्हणायचात.

ते नाव कोणतं, हे तुम्ही मला एकदा वड्या घालताना सांगितलंत. तुमच्या आईचंही डोकं दुखायचं, तीही रात्री अंगणात येरझाऱ्या घालायची, आणि एक दिवस ती गेली. डोक्यात गाठ असेल असं लोक तेव्हा म्हणाले. कुणी बघितली नव्हती. ती न बघितलेली गाठ तुम्ही स्वतःच्या डोक्यात वागवत होतात. दुखण्यापेक्षा तिचं ओझं जास्त होतं. मी म्हटलं, असलीच तर बघून घेऊ. तुम्ही म्हणालात, "तुले काय जाते म्हणायले." आणि मग, पुढची वडी घालता घालता, "तू येशील का संग?"

तेव्हा छोटी लाइन होती. गोंदियापर्यंत ती खेळण्यातल्यासारखी गाडी आणि पुढे मोठ्या गाडीने नागपूर. सगळ्या वाटेत तुम्ही डोळा लागू दिला नाहीत. मला डुलकी आली की कोपर मारायचात, जणू माझंही डोकं दुखेल. वंदना स्टेशनवर आली होती. तिला आपण काही सांगितलं नव्हतं, आणि तिने तुम्हाला बघून पहिलं वाक्य उच्चारलं ते, "आई, तू किती बारीक झालीस."

डॉक्टर तरुण होते. डोक्याचा फोटो आधीच काढून झाला होता आणि ते तो उजेडात धरून बघत होते. तुम्ही माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. ते म्हणाले, "यात काही नाही. गाठ नाही, रक्तस्राव नाही, वयाच्या मानाने फार छान आहे." तुम्ही मूठ सोडली नाहीत. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"जागेपणी कधी दुखतं?"

"नाई."

"उन्हात, उपासाला, चिडलात तर?"

"नाई, डाक्टरसाहेब. झोपली का मंगच."

"उलटी होते? डोळ्यातून पाणी?"

"नाई."

"दुखायला लागलं की पडून राहता?"

"पडली तं वाढते. उठून काम करा लागते."

"काय काम करता?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी सांगितलं, तांदूळ निवडतात, अंधारात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जेवताना खडा लागतो?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, आजपर्यंत नाही. ते तुमच्याकडे बघत राहिले, आणि मला वाटतं त्या क्षणी त्या खोलीत थक्क झालेलं माणूस मी एकटी नव्हते.

त्यांनी समजावलं. अशी एक डोकेदुखी असते, क्वचित असते, पण असते. उतारवयात सुरू होते, फक्त झोपेतच येते, माणसाला ठरल्या वेळी उठवते. मेंदूत झोपण्या-उठण्याची वेळ राखणारी एक जागा आहे, तिथे काहीतरी गडबड होत असावी असा अंदाज आहे. नक्की कुणालाच ठाऊक नाही. जिवाला धोका नाही. रोजच्या त्या गोळ्या मात्र बंद. आणि औषध म्हणून झोपायच्या आधी एक कप कडक कॉफी. तुमच्यासारख्यांची झोप तिने उडत नाही, उलट लागते. त्याने नाहीच थांबलं तर एक गोळी आहे, पण ती चालू असताना रक्त तपासत राहावं लागतं, म्हणून आधी कॉफी.

आपण दोघी ऐकत राहिलो. मग तुम्ही एकच प्रश्न विचारलात. "माह्या मायलेही हेच असन का?" डॉक्टर म्हणाले, "आता सांगता येणार नाही, आजी." तुम्ही मान हलवलीत आणि पदराचं टोक सोडलंत. मग आपण परतीच्या गाडीत बसलो. गोंदिया यायच्या सुमाराला म्हणालात, "गाठ नसन तं बिचारी उगाच भेली." तुम्ही स्वतःबद्दल बोलत होतात की आईबद्दल, हे मी विचारलं नाही.

आता कॉफी. आपल्या घरी कॉफी म्हणजे पाहुण्यांची वस्तू. व्याही आले, साहेब आले, तर कॉफी, नाहीतर चहा. तुमच्या माहेरी, भंडाऱ्याकडे, ती कशी करायची हे ठरलेलं होतं आणि तीच रीत तुम्ही या घरात आणली होती. आटवलेलं पेलाभर दूध, हात सैल सोडून साखर, कॉफी चिमूटभर, रंगापुरती, आणि वरून जायफळ. जायफळ नसेल तर त्या कॉफीला तुम्ही कॉफी म्हणत नव्हतात. डॉक्टरांचं "झोप उडत नाही" तुम्हाला अजिबात पटलं नव्हतं. त्यावर उपाय म्हणून तुम्ही जायफळ नेहमीपेक्षा जास्तच उगाळत होतात. मी रोज बघत होते, आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. कॉफीत जायफळ नाही घालायचं तर कशात घालायचं?

महिना होत आला. काही फरक नाही. सकाळी तांदूळ निवडलेलेच. तुम्ही तक्रार केली नाहीत, पण मला सांडगे घालायचं प्रमाण सांगायला लागलात. मग लोणच्याचं. मग गोडा मसाला समोर बसवून करून घेतलात, तेही मे महिना लांब असताना. एक दिवस कोठीच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवलीत. मी म्हटलं, हे काय? तुम्ही म्हणालात, "फोटोत दिसत नसन एखांद्या वक्ती. मायचं बी कोनाले दिसलं नोतं." गाठ परत आली होती. डॉक्टरांनी बाहेर काढून ठेवली होती ती तुम्ही पुन्हा डोक्यात नेऊन ठेवली, कारण औषध लागू पडलं नाही याचा दुसरा अर्थ तुम्हाला लागत नव्हता. गोळी आणू म्हटलं तर म्हणालात, आता नको, जेवढे दिवस आहेत तेवढे स्वच्छ डोक्याने राहू दे. तुमचं ते स्वच्छ डोकं. मला इतका राग आला होता तुमचा.

मी ठरवलं, आज तुमच्याजवळच निजायचं आणि जागं राहायचं. वेळ आली की मीही उठून बसणार. जागं राहायला कॉफीसारखं काही नाही, म्हणून तुमच्याच पातेल्यातली कपभर मीही घेतली. इतकी गोड लागली की पुन्हा अर्धा कप घेतला.

सकाळी कामवालीने दार वाजवलं तेव्हा मी उठले. ऊन माझ्या पायावर आलं होतं. तुम्ही चुलीपाशी बसून माझ्याकडे बघत होतात. "उठले का पहारेदारसाहेब? असे घोरून राह्यले होते का मले वाटलं चोर पळून जाईन."

मी डोळे चोळत म्हटलं, "मोठ्याबाई, काफीनं झोप उडते म्हणतेत ना? मी तं मेल्यासारखी झोपली."

"जायफळ आहे त्यात," तुम्ही म्हणालात, मला इतकंही कळत नाही अशा सुरात. "जायफळानं झोप लागते. तान्ह्या लेकराले उगाळून नाई देत का आपण, रात्री रडू नये म्हणून?"

आणि मग तुम्ही थांबलात. मीही थांबले. पातेलं आपल्या दोघींच्या मध्ये होतं. औषध म्हणून दिलेल्या गोष्टीची आपण चिमूट टाकत होतो आणि वर तान्ह्या बाळाला निजवायचं औषध उगाळत होतो, महिनाभर, न चुकता. तुम्ही आधी हसायला लागलात. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. हे बाहेरून विचारायला आले, काय झालं? तुम्ही म्हणालात, "काई नाई भाऊजी, मी मरून नाई राह्यली."

पण बिनजायफळाची, बिनदुधाची कॉफी प्यायला तुम्हाला राजी करायला आणखी दोन दिवस गेले. "हा काढा आहे," म्हणालात. "पाहुण्याले दिला तं पुन्हा येनार नाई." मी म्हटलं, तुमच्याकडे जो पाहुणा रोज रात्री येतो त्यालाच द्यायचा आहे. नाक दाबून, एरंडेल प्यावं तशी तुम्ही ती काळी, कडक कॉफी प्यायलात, वर गुळाचा खडा खाल्लात आणि मला चार शब्द सुनावून निजलात.

सकाळी मी डबा उघडला. वरचे तांदूळ तसेच होते. मी हात घालून बघितले. कण्या, धानाचे दाणे, आणि खडे, चांगले हरभऱ्याच्या डाळीएवढे खडे. तुम्ही अजून निजलेल्या होतात. उजेड तुमच्या तोंडावर आला होता आणि तोंड किंचित उघडं होतं. मी तो डबा मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसले आणि तुमच्याकडे बघत राहिले. देवाला इतका वेळ मी कधी बघितलेलं नाही. दुधवाला आला, त्याला मी बोटानेच गप केलं.

ते दुखणं पूर्ण गेलं नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. थंडीत परत यायचं. एका पावसाळ्यात कॉफीने भागेना, तेव्हा आपण ती गोळीही आणली, रक्त तपासायला महिन्याच्या महिन्याला गेलो, आणि तुम्ही सुईला घाबरून माझा हात दाबायचात. अंधारात खडे वेचणारी बाई सुईला घाबरते, याची मला केवढी गंमत वाटायची. पण सुटका मिळालेल्या रात्री मोजण्याइतक्या कमी राहिल्या नाहीत. दुपारी पडायला लागलात. पहिल्यांदा पडलात तेव्हा माझ्याकडे असं बघितलंत जणू काही चोरता आहात. मी म्हटलं, "दुपारी झोपते ते घर झोपते." तुम्ही उशी फेकून मारलीत.

एक भांडण मात्र आपलं राहून गेलं. मी तुम्हाला दर वर्षी एकदा तरी विचारायची, की इतकी वर्षं मला सांगितलं का नाही? भिंतीपलीकडेच तर निजत होते. तुम्ही कधी म्हणायचात, तुझी लेकरं लहान होती. कधी म्हणायचात, सांगून काय होते? गेल्या होळीला ओट्यावर बसलो होतो तेव्हा जरा नीट बोललात. "दुखणं सांगतलं का ते दोघाईचं होते. मंग दोघी जाग्या. एकीनं झोपलं पाह्यजे ना घरात."

मी रागावून आत निघून गेले, कारण मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही जे म्हणालात ते चूक आहे एवढंच कळत होतं. आणि तुम्ही किती मोठ्या आहात हेही त्याच वेळी कळत होतं, म्हणून जास्त राग आला. मी झोपावं म्हणून तुम्ही जाग्या राहिलात, हे ओझं घेऊन मी काय करू? आभार मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, सिनेमा पाहून आली का वं?

उत्तर मला काल सुचलं. तेराव्याच्या पंगतीसाठी तांदूळ निवडायला बसले होते, दिवसाउजेडी, चष्मा लावून. शेजारच्या काकू येऊन बसल्या आणि काही न बोलता अर्धे तांदूळ त्यांनी आपल्या सुपात ओढून घेतले. बघता बघता झाले. मोठ्याबाई, मला उठवलं असतंत तर दुखणं दोघींचं झालं असतं, खरं आहे. पण तांदूळ निम्म्या वेळात झाले असते. मी अंधारात एकही खडा ओळखला नसता आणि तुम्ही मला "कटंगीची" म्हणून हिणवलं असतंत, पण तुमच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असतं. एवढंच माझं म्हणणं होतं. होळीला सुचलं असतं तर बरं झालं असतं.

वंदना विचारत होती, आईच्या पानावर काय काय वाढायचं. सांडगे सांगितले, कोहळ्याची भाजी सांगितली, साधं वरण आणि आपल्या बांधीतला भात. आणि एक कप कॉफी. हे म्हणाले, "पानावर काफी कोनी ठेवते का?" मी म्हटलं, "हौ, मी ठेवते."

दूध सकाळीच आटवायला ठेवीन. कॉफी चिमूटभर, रंगापुरती. साखर हात सैल सोडून. आणि जायफळ, मोठ्याबाई, अख्खं काढून ठेवलं आहे. तान्ह्या लेकराला देतात त्याच्या दसपट उगाळीन. आता तुम्हाला कुणी उठवणार नाही.